कुत्र्याच्या कानात तेल घालण्यापूर्वी

कुत्रा सारखी मान झटकायला लागला, मागच्या पायाने कान खाजवताना कण्हायला लागला की आपल्याकडे पहिला हात जातो तेलाच्या बुधलीकडे. खोबरेल किंवा तिळाचं तेल, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या, आणि कोमट झालं की चार थेंब कानात. आजीने घरातल्या पोरांसाठी तेच केलेलं असतं, म्हणून कुत्र्यालाही तेच. त्यामागची माया शंभर टक्के खरी असते. तरीही माझी कळकळीची विनंती आहे की ती बुधली तूर्त जागेवरच राहू द्या. कुत्र्याच्या कानासाठी घरी करण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातलं बहुतेक कानाच्या बाहेर करायचं असतं. आत काय घालायचं, हे कुणी जाणकाराने आत डोकावून पाहिल्यावर ठरवायचं.

याचं कारण कानाच्या घडणीत आहे. माणसाच्या कानाची नळी आखूड आणि जवळजवळ सरळ असते. कुत्र्याची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात डोक्याच्या दिशेने आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो. त्यामुळे पाळी उचलून, टॉर्च मारून आपल्याला दिसतो तो फक्त वरचा भाग. खरा आजार बहुतेक वेळा वळणाखाली असतो. वरून ओतलेलं काहीही तळाशी जाऊन साचतं आणि सहज बाहेर येत नाही. कान साफ करायच्या काडीने वरचा मळ निघाल्यासारखा वाटतो, पण तेवढाच मळ ती वळणापाशी दाबून बसवते. ती काडी कुत्र्यासाठी वापरूच नका.

त्यात कॉकर स्पॅनियल, लॅब्राडोर, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्यांचे कान लोंबते. पाळी झाकणासारखी बसते, आत ऊब आणि दमटपणा कोंडतो. शित्झू आणि पूडल यांच्या नळीत केसही असतात. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की फिरून आलेल्या कुत्र्याचे कान दिवसभर नीट वाळत नाहीत. उभ्या कानांचे जर्मन शेफर्ड किंवा आपले गावठी कुत्रे यातून पूर्ण सुटलेले नसतात, पण त्यांच्या कानात वारा तरी खेळतो.

आता तेलाबद्दल. कुत्र्याच्या निरोगी कानातसुद्धा मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट थोड्या प्रमाणात असतं. ओल, ऊब आणि तेलकटपणा मिळाला की ते फोफावतं. मग तपकिरी, मेणचट मळ साठतो, आंबूस वास येतो आणि खाज असह्य होते. अशा कानात आपण तेल घातलं तर त्या यीस्टला हवी तीच परिस्थिती आपल्या हाताने तयार होते. पहिले एक-दोन दिवस मळ मऊ पडल्यामुळे कुत्र्याला बरं वाटतं, घरच्यांना उपाय लागू पडला असं वाटतं, आणि आठवड्याभरात कान आधीपेक्षा वाईट होतो. लसणाचा प्रश्न वेगळा आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या पोटात गेले तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कानात घातलेल्या चार थेंबांतून पंजावाटे चाटलं जाणारं प्रमाण किरकोळ असेल, पण सुजलेल्या, खाजवून सोलवटलेल्या त्वचेवर लसणाचा अर्क भाजतो. त्यानंतर तो कुत्रा कानाला हात लावू देत नाही, आणि पुढची प्रत्येक साफसफाई म्हणजे झटापट होते.

याहून मोठा धोका पडद्याचा. जुन्या कानदुखीत पडदा फाटलेला असू शकतो आणि बाहेरून ते कळायला काही मार्ग नसतो. फाटक्या पडद्यातून ओतलेली वस्तू थेट आतल्या कानाकडे जाते. स्पिरिट, तीव्र क्लोरहेक्सिडीन, इतकंच काय, जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविकंसुद्धा तिथे पोचली तर ऐकू येणं आणि शरीराचा तोल, दोन्ही बिघडू शकतात. म्हणून मागच्या वेळचे उरलेले थेंब ‘तेच दिसतंय’ म्हणून परत सुरू करू नयेत. माणसाच्या खाजेसाठी मिळणारी, तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमंही लावू नयेत. त्यातल्या स्टिरॉइडने दोन दिवस लाली उतरते आणि खालचा संसर्ग मात्र मुरतो.

स्वयंपाकघरातल्या आणि देवघरातल्या आणखी काही गोष्टी इथेच निकालात काढू. कापूर कुत्र्याला विषारी आहे. टी ट्री ऑइल ‘नैसर्गिक’ म्हणून खूप विकलं जातं, पण थोडंसं अस्सल टी ट्री ऑइलसुद्धा कुत्र्याला थरथर आणि अशक्तपणा आणू शकतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आत फसफसतं, कुत्रा घाबरतो आणि त्वचा आणखी चिडते. हळदीची पूड ओल्या कानात गेली की तिचा लगदा होऊन वळणावर बसतो आणि डॉक्टरांना पडदा दिसतच नाही. रॉकेल, फिनेल, डेटॉल यांचा विचारही नको. कडुनिंबाचं तेल मात्र खोबरेलात चांगलं पातळ करून पाळीच्या बाहेरच्या, केसाळ बाजूला बोटभर लावायला हरकत नाही. माश्या जरा लांब राहतात. नळीत तेही नाही.

आधी पाहा आणि हुंगा

घरच्या उपायांत मी सर्वांत वर ठेवीन ती एक सवय. रोज संध्याकाळी कुत्र्याला कुरवाळताना दोन्ही पाळ्या उलटून पाहायच्या आणि नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. निरोगी कान फिकट गुलाबी असतो, त्यात थोडा पिवळसर मळ असला तरी चालतो आणि त्याला सांगण्यासारखा वास नसतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की बिघाड डोळ्यांआधी नाकाला कळतो.

बिघाड दिसला की तो कुठल्या प्रकारचा आहे याचा अंदाज घेता येतो. कॉफीच्या पुडीसारखा काळसर, कोरडा चुरा असेल, कुत्रा लहान पिल्लू असेल किंवा घरात मांजर असेल, तर कानातल्या माइटचा संशय घ्यावा. हे बारीक किडे अंगाला अंग लागून पसरतात, म्हणून घरातल्या सगळ्या प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करावा लागतो. एकट्याचा कान बरा करून उपयोग नाही, मांजर त्याला परत देईल. तपकिरी, चिकट मळ आणि आंबट वास यीस्टकडे बोट दाखवतात. पिवळा किंवा हिरवट पू आणि कुजकट घाण वास असेल तर जिवाणूंचा संसर्ग असतो. तो दुखतोही फार. त्यात वाट पाहायची नसते.

एकच कान, तोही अचानक, आणि फिरून आल्या आल्या जोरजोरात झटकणं, म्हणजे बहुधा आत काहीतरी शिरलंय. पावसाळा सरून माळावरचं कुसळी गवत वाळलं की हे फार होतं. कुसळाची रचनाच अशी असते की ते एकदा घुसलं की पुढेच सरकत जातं. वेळेत नेलं तर डॉक्टर ते चिमट्याने काढतात, पण दोन-चार दिवस थांबलं तर ते पडद्यापर्यंत पोचू शकतं. शेतातून, माळरानावरून फिरवून आणणाऱ्यांनी ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत दारातच कान आणि बोटांच्या बेचक्या तपासायची पद्धत ठेवावी.

हे सगळे अंदाजच, हे विसरू नका. रंगावरून यीस्ट वाटलेल्या कानात जिवाणूही निघतात, पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. डॉक्टर कापसाच्या काडीवर थोडा मळ घेतात, काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही मिनिटांचं काम आहे. ते केल्याशिवाय थेंब लिहून मिळत असतील तर ‘स्लाइड बघता का?’ असं नम्रपणे विचारायला संकोचू नका. दवाखान्यात नेण्याच्या दिवशी कान साफही करू नका. तो मळ म्हणजेच पुरावा असतो.

साफसफाई, पण बेतानं

ज्याचे कान स्वच्छ आहेत त्याचे कान धूत बसायची गरज नाही. अति साफ केलेला कान ओला राहतो आणि ओलीतूनच त्रास सुरू होतो. ज्यांना वारंवार मळ साठतो, जे पोहतात, ज्यांचे कान लोंबते आहेत, त्यांच्यासाठी आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा पुरतं. कुत्र्यांसाठीच बनवलेलं कान साफ करायचं द्रावण औषधाच्या किंवा प्राण्यांच्या दुकानात मिळतं. एखादी बाटली घरात असावी.

जमिनीवर बसा आणि कुत्र्याला पाठमोरं करून दोन गुडघ्यांमध्ये घ्या. बाटली आधी थोडा वेळ तळहातांत धरून तिचा गारठा घालवा. थंड द्रव आत गेला की कुत्र्याला भोवळल्यासारखं होतं. पाळी वर उचला, बाटलीचं तोंड नळीत न खुपसता द्रावण ओता, आणि कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, दोन बोटांनी अर्धा मिनिट हळूहळू चोळा. पचपच असा आवाज आला पाहिजे. म्हणजे द्रावण वळणापर्यंत पोचलं. मग हात सोडा आणि मागे सरका. तो मान झटकेल, आणि तळाचा मळ वर आणायचं खरं काम तेव्हाच होतं. वर आलेलं बोटाला गुंडाळलेल्या कापसाने टिपून घ्या. बोट जाईल तिथपर्यंतच, त्यापुढे नाही. दुसऱ्या कानाला वेगळा कापूस. शेवटी त्याला आवडणारं काहीतरी खायला द्या. पुढच्या वेळी तो स्वतःहून बसेल.

दुखणारा कान, रक्त किंवा पू येणारा कान, मान एका बाजूला कलंडलेली असणं, यांत हे करायचं नाही.

द्रावण नसेल आणि पाळीवर नुसता मळ, घाम, धूळ असेल तर मिठाचं पाणी पुरेसं होतं. अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवा, कापूस बुडवून पिळा आणि पाळीची आतली बाजू पुसा. औषधाच्या दुकानातलं सलाईन आणलंत तर आणखी चांगलं. पांढऱ्या व्हिनेगरबद्दल लोक विचारतात. त्यात तथ्य आहे, कारण आम्लाने यीस्ट आणि काही हट्टी जिवाणूंची वाढ रोखली जाते. पण ते खाण्याचं, चार-पाच टक्क्यांचं व्हिनेगर हवं, निम्म्याहून जास्त पाणी घालून, आणि तेही आंघोळीनंतर निरोगी कान पुसायला. सोललेल्या त्वचेवर ते झोंबतं. कुत्र्याने अंग चोरलं की तिथेच थांबा.

आंघोळीच्या आधी दोन्ही कानांत कापसाचा मोठा, सैल बोळा बसवा. छोटा बोळा आत सरकतो, म्हणून मोठाच. आंघोळ झाल्यावर तो आठवणीने काढा आणि जुन्या सुती फडक्याने पाळीची आतली बाजू कोरडी करा. हेअर ड्रायरची गरम हवा नको. पावसातून आल्यावरही हेच. लोंबत्या कानांच्या कुत्र्याला घरात थोडा वेळ पाळ्या डोक्यावर उलट्या टाकून पंख्याखाली बसू द्या, हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि तो काम करतो. पाळीच्या आतले लांब केस कात्रीने आखूड केले तरी चालतात. चिमट्याने उपटायचा हट्ट नको, त्यातून बारीक जखमा होतात.

गोचीड

आपल्या हवामानात कान म्हटला की गोचीड आलीच. पाळीच्या आतल्या घडीत, कानाच्या काठावरच्या छोट्या खिशात आणि पायाच्या बोटांमध्ये ती ठाण मांडून बसते. ती नखाने चिरडू नका, तिच्यावर रॉकेल टाकू नका, जळती काडी तर नकोच. हातमोजा किंवा पिशवी घालून, टोकदार चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. साबणाच्या पाण्यात टाका, जागा सलाईनने पुसा. नळीच्या आत दिसणारी गोचीड मात्र डॉक्टरांसाठी ठेवा.

एक काढून प्रश्न संपत नाही. तपकिरी गोचीड अंडी घालते ती कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगांत, पलंगाखाली, दाराच्या चौकटीत. कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवायचं, उन्हात टाकायचं, फटी बुजवायच्या आणि डॉक्टरांनी वजन पाहून दिलेलं गोचीड-प्रतिबंधक औषध वेळच्या वेळी द्यायचं. याच गोचिडीतून एर्लिकिया आणि बॅबेसियाचे ताप येतात. कानातून गोचीड काढल्यानंतर काही दिवसांनी कुत्रा खाईनासा झाला, अंग तापलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर कान बाजूला ठेवा आणि लगेच रक्त तपासून घ्या.

कान परत परत का बिघडतो

औषध संपलं की महिन्याभरात कान पुन्हा बिघडतो, ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. अशा वेळी दोन्ही कान एकदम धरतात. जोडीला कुत्रा पंजे चाटतो, पोट आणि काखा लाल दिसतात. तेव्हा दुखणं कानाचं नसून त्वचेचं असतं. कानाच्या नळीला अस्तर त्वचेचंच आहे, ॲलर्जी तिथे आधी दिसते एवढंच. धूळ, परागकण, बुरशी यांची ॲलर्जी असू शकते आणि खाण्याचीही.

खाण्याचा तपास हा अगदी खराखुरा घरगुती उपाय आहे, फक्त त्याला शिस्त लागते. आपल्याकडे बहुतेक कुत्री दूध-पोळी आणि चिकन-भातावर वाढतात. दूध, गहू, चिकन आणि गोमांस हे नेमके कुत्र्यांमध्ये ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांत वरचे आहेत. कुत्र्याने आजवर न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ निवडायचा आणि किमान आठ आठवडे तेवढंच द्यायचं. काय निवडायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. मालवण-रत्नागिरीकडे मासळीवर वाढलेल्या कुत्र्याला मासे ‘नवे’ नसतात. या आठ आठवड्यांत बिस्कीट नाही, चहातली पोळी नाही, चव लावलेल्या गोळ्याही नाहीत. घरातल्या सगळ्यांनी पाळलं तरच याला अर्थ आहे. आजोबांनी गुपचूप दिलेला एक बिस्किटाचा तुकडा पूर्ण प्रयोग वाया घालवतो. कान सुधारला तर जुनं खाणं पुन्हा सुरू करून पाहायचं. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तर गुन्हेगार सापडला.

पावसाळ्यातल्या अळ्या

हे वाचायला त्रास होईल, पण गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांसाठी लिहिणं भाग आहे. भांडणात कान फाटतो, जखमेवर माशी बसते, अंडी घालते आणि दिवसभरात तिथे अळ्या पडतात. कुत्रा सतत मान तिरकी करतो, कोपऱ्यात लपतो, आणि सडका वास येतो. त्यावर फिनेल किंवा पेट्रोल ओतणारे लोक सद्भावनेनेच ओततात, पण त्याने जिवंत मांस भाजतं. जखम पाळीवर, वरवरची असेल तर सलाईनने धुवून चिमट्याने अळ्या काढता येतात आणि प्राण्यांसाठीचा अळ्यांवरचा फवारा मारता येतो. अळ्या नळीत असतील तर दवाखानाच. तालुक्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, मुंबईत परळचं प्राण्यांचं रुग्णालय, किंवा गावातली प्राण्यांसाठी काम करणारी संस्था, जे जवळ असेल ते.

वेदनेतला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो. त्याला नीट श्वास घेता येत असेल तर मऊ सुती पट्टीने तोंड सैलसर बांधून मगच हात लावा. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला व्हीच्या आकाराची साफ खाच दिसली तर घाबरू नका. ती नसबंदी झाल्याची खूण असते.

न थांबता दवाखान्यात

मान एका बाजूला कलणं, गोल गोल फिरणं, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलत राहणं, तोंड उघडताना ओरडणं, चेहऱ्याची एक बाजू ओघळणं, हाक ऐकू न येणं. यातलं काहीही दिसलं तर आजार पडद्याच्या आत पोचलेला असू शकतो, म्हणून त्याच दिवशी जा. पाळी एकाएकी उशीसारखी फुगली तर खाजवून आतली रक्तवाहिनी फुटलेली असते. त्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरा, पण सुई टोचून रक्त काढू नका. जंतू आत जातील आणि ते रक्त पुन्हा भरेल. जुन्या टी-शर्टची बाही कापून ती कुत्र्याच्या डोक्यावरून सैलसर चढवली तर दोन्ही कान जागेवर राहतात आणि झटके कमी बसतात. गळ्याशी दोन बोटं आरामात शिरली पाहिजेत. दुखतंय म्हणून माणसाची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीही देऊ नका. यकृत, पोट आणि मूत्रपिंडं त्याने कायमची बिघडू शकतात.

डॉक्टरांना सांगताना हे कधी सुरू झालं, एक कान की दोन्ही, आधी कानात काय काय घातलं, खायला काय देता, हे लिहूनच न्या. घरी तेल घातलं असेल तर तेही न लपवता सांगा, कारण त्यावरून पुढची तपासणी बदलते. थेंब सांगितलेले सगळे दिवस घाला. बहुतेकांची चूक इथे होते: चौथ्या दिवशी खाज थांबते, बाटली कपाटात जाते, आणि वळणाखाली उरलेले जंतू महिन्याने तेच औषध पचवून वर येतात. औषध संपल्यावर कान चांगला दिसत असला तरी पुन्हा एकदा दाखवून या आणि दुसऱ्यांदा स्लाइड करून घ्या. ती स्वच्छ आली की उपचार थांबवा.